गेमचा दुसरा भाग: आधी काय तयार ठेवायचं, कधी जाहीर करायचं आणि वर्गणी कधी मागायची

पहिला गेम बऱ्यापैकी चालला. ‘पार्ट टू कधी?’ असे मेसेज यायला लागले. दोन महिन्यांत टीमने लोगो आणि मिनिटभराचा टीझर टाकला आणि त्याच आठवड्यात क्राउडफंडिंगचं (गेम बनायच्या आधीच लोकांकडून वर्गणी घेण्याचं) पानही उघडलं. लहान स्टुडिओंमध्ये हा प्रकार इतका वाढलाय की आता तीच रीत वाटू लागलीय. काय बनवायचं हे ठरायच्या आधी तारीख ठरते, खर्च कळायच्या आधी रक्कम जाहीर होते आणि पहिल्या गेमची देणी फिटायच्या आधी दुसऱ्याची वर्गणी सुरू होते.

खालचे टप्पे याच क्रमाने करायचे आहेत. एखादा टप्पा अडला तर तिथेच थांबा. पुढचा टप्पा उरकून मागचा भरून काढता येत नाही.

## १. पहिल्या गेमची देणी मोकळी करा

एक यादी करा. पहिल्या गेमच्या वेळी जे जे कबूल केलं आणि अजून दिलेलं नाही, ते सगळं तिच्यात आलं पाहिजे: राहिलेली कन्सोल आवृत्ती, न पाठवलेले टी-शर्ट, ‘पुढच्या पॅचमध्ये येईल’ म्हणून सांगितलेला मोड, सेव्ह फाइल उडवणारा तो एक बग. मुलाखतींत आणि डिस्कॉर्डवर सहज बोलून गेलेल्या गोष्टीही धरा. तुम्ही विसरला असाल, पण कुणाकडे तरी स्क्रीनशॉट असतोच.

देणी बाकी ठेवून नवी वर्गणी मागितली की काय होतं याची दोन उदाहरणं सगळ्यांसमोर आहेत. ‘मायटी नंबर ९’ने २०१३मध्ये किकस्टार्टर या वर्गणी जमवणाऱ्या वेबसाइटवर ९ लाख डॉलर मागितले आणि ३८ लाखांच्या वर मिळवले. तो गेम लोकांच्या हातात पडायच्या आधीच, जुलै २०१५मध्ये, त्याच निर्मात्यांनी ‘रेड अ‍ॅश’साठी ८ लाख डॉलरची मोहीम उघडली. ती पूर्ण झाली नाही. ‘मायटी नंबर ९’ बाहेर यायला जून २०१६ उजाडला. दुसरं उदाहरण ‘प्लॅनेटरी अ‍ॅनायहिलेशन’चं. तो सप्टेंबर २०१४मध्ये अधिकृतपणे बाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात स्टुडिओने ‘ह्यूमन रिसोर्सेस’ नावाच्या नव्या गेमसाठी १४ लाख डॉलर मागितले. ‘आधीचा तर धड पूर्ण करा,’ असा सूर लागला आणि मोहीम मागे घ्यावी लागली. यातला एकही नवा गेम आधीच्याचा सीक्वेल नव्हता. सीक्वेल असता तर राग जास्तच आला असता, कारण त्यात तुम्ही त्याच माणसांकडे त्याच नावाने दुसऱ्यांदा हात पसरता.

तपासा: जुन्या मोहिमेच्या पानावरच्या अलीकडच्या कॉमेंट वाचा. ‘माझं अजून आलं नाही’ असं त्यात वारंवार दिसत असेल तर तुमचं पुढचं काम तेच आहे. नव्या मोहिमेच्या पानावरून तुमचे जुने प्रकल्प एका क्लिकवर उघडतात आणि पैसे देणारा माणूस ते उघडून बघतो.

## २. नाव, संगीत, आवाज: कुणाच्या मालकीचं काय आहे ते बघा

हा टप्पा छोटा आहे, पण घोडं इथेच अडतं. पहिला गेम प्रकाशकाबरोबर केला असेल तर करारात पुढच्या भागावर त्याचा पहिला हक्क आहे का? गेमचं नाव कुणाच्या मालकीचं आहे? संगीतकाराने धून एका गेमपुरती दिली होती की कायमची? मुख्य पात्राचा आवाज देणारी व्यक्ती पुन्हा येणार आहे का, आणि किती पैशांत? ‘येईल की’ हे उत्तर धरू नका. ईमेलवर लेखी होकार घ्या.

सावधान: टीझरमध्ये जुनी धून वाजवली आणि नंतर संगीतकाराशी जमलं नाही, तर लोकांच्या लेखी तुम्ही शब्द मोडलात. पानावर कुठेही ते लिहिलेलं नसलं तरी.

## ३. खेळता येणारा तुकडा बनवा, आणि त्याला लागलेला वेळ मोजा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ जायला हवा आणि प्रत्यक्षात इथेच सगळ्यात कमी जातो.

पंधरा-वीस मिनिटांचा असा भाग बनवा जो शेवटच्या गेमसारखाच दिसतो, वाजतो आणि चालतो. मेनू, आवाज, सेव्ह, चुकल्यावर परत सुरुवात, सगळं त्यात हवं. बाहेरच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांना तो खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसा.

सीक्वेलमध्ये एक खास फसगत होते. जुना कोड आहे, जुनी पात्रं आहेत, जुनी झाडं-भिंतीही आहेत, त्यामुळे आठवड्याभरात काहीतरी पळायला लागतं आणि टीमला वाटतं निम्मं काम झालं. खरं तर जे झालंय ते पहिल्याच गेमचं काम आहे. दुसऱ्या भागात नवं म्हणून तुम्ही जे विकणार आहात (दोघांनी मिळून खेळणं, मोठा नकाशा, नवी लढाईची पद्धत) त्यातली एकही गोष्ट त्या आठवड्यात झालेली नसते. म्हणून नियम असा ठेवा: जाहिरातीत जी जी नवी गोष्ट सांगणार, तिचा किमान एक नमुना या तुकड्यात असलाच पाहिजे. जमत नसेल तर ती गोष्ट जाहिरातीतून काढा.

आता मोजमाप. तुकडा बनवताना कुणी कशावर किती दिवस घालवले ते रोज लिहा. समजा, वीस मिनिटांच्या तुकड्याला चार माणसांचे दहा आठवडे लागले आणि गेम आठ तासांचा करायचाय. आठ तास म्हणजे असे चोवीस तुकडे. पहिल्या तुकड्यात पायाचं काम बरंच असतं, पुढचे लवकर होतात, म्हणून उदार मनाने निम्मा वेळ धरा: पाच आठवडे गुणिले चोवीस, म्हणजे १२० आठवडे. सव्वादोन वर्षांच्या वर. यात शेवटची बगसफाई, भाषांतर, कन्सोलची तपासणी आणि आजारपणं आलेली नाहीत. ‘पुढच्या हिवाळ्यात’ असं टीझरखाली लिहायचा मोह हा आकडा बघून जायला हवा. गेला नाही, तर गेम तीन तासांचा करा. ही मला नेहमीच जास्त शहाणपणाची वाट वाटत आलीय.

तयारीने उतरलं की काय होतं ते ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये दिसलं. ऑगस्ट २०१५च्या अखेरीला मोहीम उघडली, त्याच सुमारास प्रदर्शनात लोक त्याचा भाग प्रत्यक्ष खेळून बघत होते. ५ लाख डॉलर मागितले होते, २० लाखांच्या वर मिळाले. अर्ली अ‍ॅक्सेस (अपूर्ण असतानाच विकत मिळणारी आवृत्ती) सप्टेंबर २०१६मध्ये आणि पूर्ण गेम सप्टेंबर २०१७मध्ये आला. एवढी तयारी असूनही मोहिमेपासून दोन वर्षं लागली, हेही ध्यानात घ्या. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २’ची मोहीम जानेवारी २०१७मध्ये सुरू झाली आणि गेम मे २०१८मध्ये आला, म्हणजे सोळा महिन्यांच्या आत. तिथे पहिल्या भागाचा पाया आणि अनुभवी टीम आधीपासून हाताशी होती.

तपासा: तुकडा खेळलेल्या अनोळखी माणसाला विचारा, ‘पहिल्यापेक्षा यात वेगळं काय वाटलं?’ त्याला सांगता आलं नाही तर अजून दाखवण्यासारखं काही झालेलं नाही.

## ४. हिशोब उलट्या दिशेने करा

‘किती मिळतील?’ इथून सुरुवात करू नका. ‘किती महिने, किती माणसं?’ इथून करा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अडीच हजार लोकांनी सरासरी ४० डॉलर दिले, एकूण १ लाख डॉलर. किकस्टार्टर ५ टक्के घेतं: ५,००० गेले. अमेरिकेतल्या दराने पेमेंटची फी ३ टक्के आणि दर माणशी २० सेंट: ३,००० आणि ५००. उरले ९१,५००. तीनशे जणांना छापील कलापुस्तक कबूल केलंय, छपाई आणि टपाल मिळून प्रत्येकी ३५ डॉलर: १०,५०० गेले. उरले ८१,०००. ट्रेलर आणि मोहिमेच्या जाहिरातीवर आधीच ६,००० खर्च झालेत. हातात ७५,०००. कर अजून बाजूलाच आहे, आणि मोहीम संपल्यावर काही कार्ड चालत नाहीत, ती तूटही धरलेली नाही. टीमचा महिन्याचा खर्च १४,००० असेल तर हे पैसे पाच महिने आणि वर थोडे दिवस पुरतात.

मघाच्या १२० आठवड्यांशेजारी हे पाच महिने ठेवून बघा. बाकीचे पैसे कुठून येणार याचं उत्तर मोहीम उघडायच्या आधी कागदावर हवं: पहिल्या गेमची चालू विक्री, प्रकाशक, स्वतःची शिल्लक, जे असेल ते. ‘मोहीम गाजली की गुंतवणूकदार येतील’ याला उत्तर म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट लोक हिशोबात धरतच नाहीत. ते अडीच हजार जण तुमचे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक होते. गेम विक्रीला येईल त्या दिवशी ते विकत घेणार नाहीत, कारण त्यांनी आधीच घेतलाय. त्यांचा पैसा तुम्ही दोन वर्षं आधी खर्च केलेला असतो. पहिल्या दिवसाच्या विक्रीचा अंदाज बांधताना ही माणसं वजा करा.

मोहिमेची रक्कम पूर्ण बजेट नसेल तर तसं पानावरच लिहा. ‘शेनम्यू ३’ जून २०१५मध्ये सोनीच्या मंचावरून जाहीर झाला, २० लाख डॉलरचं उद्दिष्ट काही तासांतच पार झालं आणि शेवटी ६३ लाखांच्या वर जमले. पण यात सोनीचाही हात आहे हे नंतर कळलं, आणि मग आपले पैसे नेमके कशासाठी घेतले, हा प्रश्न वर्गणीदारांनी विचारलाच. ‘सायकोनॉट्स २’ने उलट सुरुवातीलाच सांगितलं होतं की लोकांचा पैसा हा बजेटचा एक भाग आहे, बाकीचा स्टुडिओचा आणि भागीदाराचा. तरी २०१८ म्हणून सांगितलेला तो गेम ऑगस्ट २०२१मध्ये आला. मधल्या काळात भागीदार कंपनी स्वतःच आर्थिक अडचणीत सापडली होती. म्हणजे खरं बोलून उशीर टळत नाही, पण उशीर झाल्यावर फसवल्याचा आरोप तरी येत नाही.

सावधान: मोहीम सुरू झाल्यावर किकस्टार्टरवर उद्दिष्टाची रक्कम बदलता येत नाही. खरी गरज २ लाखांची असताना ‘लवकर भरल्यासारखं दिसावं’ म्हणून ५० हजार लिहिलेत आणि नेमके ५२ हजार जमले, तर २ लाखांचा गेम ५२ हजारांत करून द्यायची जबाबदारी तुमची.

## ५. काय कबूल करायचं ते ठरवा आणि त्यातलं अर्धं खोडा

स्ट्रेच गोल. पैसे जास्त आले तर अमुक देऊ, हे सांगणं फुकट वाटतं. ‘हॉलो नाइट’ने २०१४च्या मोहिमेत ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, ५७ हजारांच्या वर मिळाले आणि स्ट्रेच गोल म्हणून हॉर्नेट हे दुसरं पात्र खेळायला देण्याचं ठरलं. ते काम फुगत फुगत स्वतंत्र गेम झालं: ‘सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ला आला. तीन-चार माणसांच्या टीमला हे परवडलं, कारण पहिल्या गेमची विक्री दणकून झाली होती आणि दुसऱ्यासाठी त्यांनी नवी वर्गणी काढलेली नव्हती. वर्गणीच्या पैशावर चालणाऱ्या टीमने साडेसहा वर्षांचं उदाहरण स्वतःला लावून घेऊ नये. स्ट्रेच गोल द्यायचेच असतील तर आधीच ठरलेल्या कामाचा दर्जा वाढवणारे द्या, जसं की अधिक वाद्यांचं ध्वनिमुद्रण किंवा आणखी एक भाषा. नवी यंत्रणा मागणारे नकोत.

प्लॅटफॉर्म. आज लोकप्रिय असलेलं यंत्र तीन वर्षांनी बाजारात असेलच असं नाही. ‘ब्लडस्टेन्ड’ची मोहीम २०१५ची, गेम २०१९चा. तोवर वी यू आणि व्हीटा या दोन्ही यंत्रांसाठी कबूल केलेल्या आवृत्त्या रद्द झाल्या होत्या, वी यूच्या जागी स्विच आलं. एका प्लॅटफॉर्मचा शब्द द्या, बाकीचे ‘गेम पूर्ण झाल्यावर बघू’मध्ये ठेवा. कुठल्या ऑनलाइन दुकानाची ‘की’ (गेम मिळवण्याचा कोड) मिळणार हेही नंतर बदलू नका. ‘शेनम्यू ३’ २०१९मध्ये एपिकच्या दुकानात अडकला तेव्हा स्टीम या दुसऱ्या दुकानात मिळेल म्हणून बसलेले लोक खवळले आणि पैसे परत देण्याची सोय करावी लागली.

जुनी सेव्ह फाइल. ‘तुमचे पहिल्या भागातले निर्णय पुढे चालू राहतील’ हे एक वाक्य लिहायला सोपं आणि निभवायला महाग. प्रत्येक मोठ्या निर्णयाची दोन टोकं लिहावी, तपासावी आणि भाषांतरित करावी लागतात. तिसऱ्या टप्प्यातल्या तुकड्यात हे करून पाहिलेलं नसेल तर तोंडातून काढूच नका.

तारीख. मोजून आलेले महिने घ्या आणि त्यांत एक तृतीयांश भर घाला. पानावर वर्षाची तिमाही लिहा. दिवस शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच सांगायचा असतो.

## ६. जाहीर करा, मग पैसे मागा. याच क्रमाने, फार अंतर न ठेवता

पहिले पाच टप्पे झाले असतील तर इथे विशेष काही अवघड नाही.

आधी स्टीमचं पान उघडा, खऱ्या खेळातली चित्रं आणि व्हिडिओ लावून. विशलिस्टमध्ये (‘पुढे घ्यायचाय’ या यादीत) गेम घालणारा माणूस पैसे देत नाही, त्यामुळे तुम्ही त्याचं देणं लागत नाही. लोकांचा रस किती आहे हे कळायला इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. त्याच दिवशी पहिल्या गेमवर सवलत लावा, कारण बरेच जण दुसरा बघून पहिला घ्यायला येतात. मग किकस्टार्टरचं ‘सुरू झाल्यावर कळवा’ पान उघडा आणि तिथे नावं जमू द्या. साधारण सहा ते दहा आठवड्यांनी मोहीम. अंतर यापेक्षा वाढलं तर उत्साह ओसरतो, कमी असेल तर मोहिमेच्या पहिल्या दिवशी दारात कुणी नसतं.

मुदत ६० दिवसांपर्यंत ठेवता येते, पण तीस पुरतात. पैसे पहिल्या आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांतच जास्त येतात. मधले आठवडे सुकेच असतात. घाबरून त्या दिवसांत नवी आश्वासनं वाटू नका. नको ती स्ट्रेच गोल बहुधा याच सुक्या दिवसांत जन्माला येतात.

तपासा: विशलिस्ट आणि ‘कळवा’च्या याद्या अपेक्षेपेक्षा फारच छोट्या असतील तर मोहीम पुढे ढकला. न उघडलेली मोहीम कुणाला दिसत नाही. पडलेली मोहीम तुमच्या नावाखाली कायम राहते.

लवकर जाहीर करण्याला कधीच कारण नसतं, असंही नाही. ‘वेस्टलँड २’ अजून बनत असताना त्याच स्टुडिओने मार्च २०१३मध्ये ‘टॉरमेंट’ची मोहीम काढली. सांगितलेलं कारण रास्त होतं: सुरुवातीचा आराखडा आणि लेखन करणारी माणसं रिकामी होणार होती, त्यांना काम हवं होतं. ४१ लाख डॉलर मिळाले. पण गेम २०१७मध्ये आला आणि कबूल केलेल्या काही गोष्टी त्यात नव्हत्या. कारण रास्त असूनही हे झालं. तेव्हा टीममध्ये दोन प्रकल्प सांभाळणारी वेगळी माणसं खरोखर आहेत का, हे आधी बघा. चार जणांच्या टीममध्ये ती नसतात.

## ७. पैसे आल्यानंतरचे पहिले तीन महिने

रक्कम हातात यायला मोहीम संपल्यावर साधारण दोन आठवडे लागतात. ती आल्या आल्या तीन वाटे करा: कर आणि फी, बक्षिसांची छपाई-टपाल, आणि काम. पहिले दोन वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. छापील वस्तूंसाठी पत्ते आत्ताच मागू नका. दोन वर्षांत लोक घरं बदलतात. पाठवणीच्या महिनाभर आधी मागा.

महिन्यातून एक अपडेट, ठरलेल्या आठवड्यात. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय झालं, काय अडलं, आणि वेळापत्रक आहे तिथेच आहे की सरकलं. ‘मोठी बातमी लवकरच’ असलं काही लिहायचं नाही. दाखवण्यासारखं काही नसेल तर तेही तसंच लिहा. लोक उशीर पचवतात, सहा महिन्यांचा मौन काळ पचवत नाहीत.

तारीख सरकणार हे टीमला कळलं की त्याच महिन्याच्या अपडेटमध्ये सांगा. नवी तारीख द्यायच्या आधी तिसऱ्या टप्प्यातलं मोजमाप पुन्हा करा, या वेळी खऱ्या झालेल्या तुकड्यांवरून. दोनदा सरकलेली तारीख लोक समजून घेतात. महिन्या-महिन्याने सरकणारी तारीख मात्र थट्टेचा विषय होते, म्हणून एकदाच मोठी सरकवा.

शिवाय आजच एक कागद लिहून ठेवा: खात्यात किती महिन्यांचे पैसे उरले की आपण गेम छोटा करू, किती उरले की प्रकाशक शोधू आणि किती उरले की थांबवून उरलेले परत करू. हे आकडे पैसे भरपूर असताना ठरवायचे असतात. त्यावर टीममधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि हिशोब बघणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो कागद सगळ्यांसमोर उघडायला सांगा.